जिन्यावरून ऐकलेला फोटो

आमच्या भावकीत कॉलेजात गेलेला मी पहिला. उमरीजवळच्या खेड्यातून निघालो, हैदराबादेत वसतिगृहात राहिलो, इतिहासापासून तर्कशास्त्रापर्यंत सगळं उर्दूतून शिकलो आणि बी.ए. होऊन परत आलो. हे मी मान वर करून सांगतो. बापानं नांगर सोडला नाही आणि मी पुस्तक सोडलं नाही, म्हणून ते झालं. त्यात लाजायचं काय?

परत येताना पदवीखेरीज दोन गोष्टी आणल्या होत्या. एक काळा कोट, आणि वसतिगृह सोडून जाणाऱ्या एका मित्रानं दिलेला डब्यासारखा कॅमेरा. लातूरच्या सरकारी शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि सुट्टीत गावी आलो की फोटो काढत सुटायचो. झाडाचा, बैलाचा, विहिरीचा फोटो बरा यायचा. माणसाचा आला की बिघडायचा. माझ्या फोटोतली सगळी माणसं कचेरीत जबानीला उभी केल्यासारखी दिसत. हात मांडीला चिकटलेले, डोळे वटारलेले, छाती फुगवलेली. आमच्या गावाची पक्की समजूत होती की फोटोच्या वेळी श्वास घेतला तर फोटो हलतो. आमचे एक थोरले चुलते श्वास कोंडून इतका वेळ उभे राहिले, की मी ‘झालं’ म्हणायच्या आत मटकन खाली बसले. त्या फोटोत नुसती भिंत आली, आणि खालच्या कोपऱ्यात त्यांचा पटका.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मधे बहिणीचा फोटो आला.

ही माझ्या पाठची बहीण. लहानपणी तिला देवी आल्या आणि जाताना गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर वण ठेवून गेल्या. आमच्याकडं त्या वणांना नावं ठेवत नसत. देवीनं तोंडावरून हात फिरवलाय, असं म्हणत. सोयरिकीची गोष्ट निघाली की मात्र तो हात कुणालाच नको असायचा.

आधी सोयरिकी बैलगाडीच्या टप्प्यातल्या असायच्या. पोरगी कशी आहे ते आठ गावांना आधीच ठाऊक असायचं. मी बी.ए. झालो आणि स्थळं लांबून यायला लागली. शिकलेल्या घरची पोरगी, तेव्हा आधी फोटो धाडा, असा निरोप यायचा. माझ्या पदवीनं घरात फोटोची चाल आणली म्हणा ना. मग बानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, बहिणीला नांदेडच्या बाजारातल्या एका फोटोवाल्याकडं नेलं. त्यानं फोटोच्या मूळ काचेवर पेन्सिल चालवून तिचे सगळे वण बुजवले. गाल बत्ताशासारखे गुळगुळीत झाले. घरात सगळे खूश. बहीण तेवढी म्हणाली, “कोन हाय ही?”

तो फोटो देगलूरकडं गेला आणि तिकडची माणसं बघायला आली. मुलाची आत्या चष्मा लावून बसली होती. बहीण पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली, तशी आत्यानं फोटो तिच्या तोंडाजवळ धरला. एकदा फोटोकडं बघितलं, एकदा तिच्याकडं.

“ही न्हाई,” आत्या म्हणाली. “फोटोतली पोरगी आणा की. धाकटी हाय का कुनी?”

बहिणीनं तांब्या खाली ठेवला नाही. “धाकटी न्हाई. हाय ती मीच. पानी घ्या.”

पाणी कुणी घेतलं नाही. माणसं उठून गेली. माय चुलीपाशी रडली, बा गोठ्यात जाऊन बसला. बहीण रडली नाही. पण पुढं लातूरच्या स्थळाची गोष्ट मी घरी काढली, तेव्हा तिनं भाकरी थापता थापता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “पुन्यांदा कुनी मला माझ्याच फोटोसंगं ताडून बघितलं, अन् ‘ही न्हाई’ म्हनलं, तर मी लग्नच करनार न्हाई. बा, तुमच्या पाया पडून सांगते. मंग ह्या घरात भाकरी थापत म्हातारी व्हईन.”

आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी होती. आमच्या घरात तोंडातून शब्द गेला की गेला.

लातूरचं स्थळ मला मनापासून आवडलं होतं. मुलगा तिथल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. माझ्या पाठीवरच्या गळवाला त्यानं पट्ट्या बांधल्या, तेव्हापासूनची ओळख. शांत माणूस. त्याला वडील नव्हते, घरात आईचा शब्द चालायचा, आणि आईचं म्हणणं एकच: एवढ्या लांब उमरीला जायचं तर आधी फोटो बघू.

मी म्हटलं, आपल्याजवळ कॅमेरा आहे, आपणच काढू. काकूनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, कुठून तरी पावडरीचा डबा आणला आणि बहिणीचं तोंड भिंत सारवावी तसं सारवलं. भर दुपारी अंगणात मी फोटो काढला. तो धुऊन आला तेव्हा डोक्यावरच्या उन्हानं डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे पडले होते, आणि पावडर वणांत जाऊन बसल्यामुळं एकेक वण मोजून घ्यावा असा उठून दिसत होता. बहिणीनं फोटो हातात घेतला आणि म्हणाली, “भाऊ, ही तर तव्यावरची भाकर दिसून राहिली. एक बाजू शेकायची राहिली बघ.” ती हसली, मीही हसलो. पण फोटो कुणाला दाखवायच्या लायकीचा नव्हता.

त्याच सुमारास लातूरच्या शाळेतल्या एका सोबत्यानं मला त्याच्या आईचा फोटो दाखवला. हा सोबती नांदेडचा. म्हातारी नुसती बसली होती. ना मागं रंगवलेला महाल, ना हातात कागदी फुलं. पण आता ही आपल्याला काहीतरी खडसावणार असं बघताक्षणी वाटलं, आणि मी नकळत कॉलर नीट केली.

“कुणी काढला?”

“आपानं. वरच्या मजल्यावरची.”

तेव्हा मला त्या स्टुडिओची माहिती झाली. नांदेडात नवराबायको मिळून तो चालवत. खालच्या मजल्यावर मियाँ पुरुषांचे फोटो काढत आणि वरच्या मजल्यावर त्यांची बीबी बायकांचे. पडद्यातल्या बायका परपुरुषासमोर बसत नसत, म्हणून हैदराबादेत खास जनानी फोटो काढणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यापैकी एकीच्या हाताखाली ही शिकली होती. सारं गाव तिला आपा म्हणायचं. बाजारात लोक चेष्टेनं म्हणत, खाली कोटाचा फोटो निघतो, वर माणसाचा. कितीतरी पुरुषांना वर जायची इच्छा असायची, पण आपाचा नियम म्हणजे नियम. पुरुषानं जिन्याच्या वर पाऊल टाकायचं नाही. सोबत आलेल्यानं जिन्यावर बसावं. वर बांबूच्या काड्यांचा पडदा सोडलेला असे, त्यातून बोलणं ऐकू यायचं, दिसायचं काहीच नाही.

त्यामुळं माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो निघताना मी डोळ्यांनी बघितला नाही. मी तो जिन्यावर बसून ऐकला.

काकू आणि बहीण वर गेल्या. काकूनं बहिणीला स्वतःची नथ, जावेच्या पाटल्या, कुणाची तरी मोहनमाळ असं सगळं चढवलं होतं. पावडर तर होतीच.

“या,” वरून भरदार आवाज आला. “अजी, हे काय? बारात निघाली का?”

“फोटोला नगं का?” काकू म्हणाली.

“नथ कोनाची?”

“माझी हाय.”

“मग ह्या खुर्चीवर तुम्ही बसा. नथीचा फोटो नथवालीनं काढावा. पोरी, तुझं स्वतःचं काय हाय अंगावर?”

“बांगड्या. अन् ही मन्यांची माळ.”

“तेवढंच ठेव. अन् तोंडाला काय थापलं?”

“पावडर हाय,” काकू जरा ठसक्यात म्हणाली. “नांदेडातलीच हाय.”

“नांदेडातली असो का विलायतेतली. तिकडं घडा हाय, धुऊन ये.”

पाण्याचा आवाज आला. मग स्टूल सरकवल्याचा. “इकडं बस. खिडकीकडं तोंड कर. एवढं न्हाई, आणखी थोडं माझ्याकडं. बस. आता हा मलमलचा पडदा ओढू दे, म्हणजे ऊन गाळून येतं. दूध गाळल्यावानी.”

मी जिन्यावर बसून मनात लिहून घेत होतो. अंगणातलं ऊन, गाळलेलं ऊन. बी.ए.ला तर्कशास्त्र होतं, उजेड नव्हता.

आता काकूनं मुद्द्याला हात घातला. “आपा, तेवढे वण मिटवा. बाजारातला तो मिटवून देतो.”

“मिटवते की,” आपा म्हणाली. “पेन्सिल माझ्याजवळ हाय. काचेवरचं बारीक काम माझ्यासारखं कोनी करून दाखवावं, मी स्टुडिओ बंद करते.” आपाला आपल्या हुन्नराचा गर्व होता आणि ती तो झाकत नव्हती. मला हे फार आवडलं. येत असलेली गोष्ट येते म्हणून सांगावी. “पण तोंड हिचं हाय. हिला विचारू दे. बोल पोरी, मिटवू?”

मला राहवेना. मी जिन्यावरून ओरडलो, “आपा, त्याचं काय झालं की मागच्या वेळी…”

“मास्तर! जिन्यानं बोलायचं न्हाई.”

मी एक पायरी खाली सरकलो.

“मिटवू नगा,” बहीण म्हणाली.

“कायकू?”

“मागल्या बारीला मिटवले व्हते.” आणि मग बहिणीनं देगलूरच्या माणसांची सगळी कथा सांगितली. घरात तिनं त्या दिवसाचा एक शब्द कधी काढला नव्हता, आणि इथं ती परक्या बाईला आत्याचा आवाज काढून दाखवत होती. चष्मा नाकावर कसा घसरायचा, फोटो तोंडाजवळ कसा धरला, ‘धाकटी हाय का कुनी’ हे कसं नाकातून आलं. काकू खुदखुदायला लागली.

“मग तू काय म्हणली?” आपानं विचारलं.

“म्या म्हनलं, पानी घ्या.”

“ते तोंडानं. मनात काय म्हणली?”

बहीण हळूच म्हणाली, “मनात म्हनलं, तुमच्या चष्म्यावर वतू का?”

काकूचं हसू फुटलं, आपाचं त्याहून मोठं, आणि त्यात बहिणीचं मिसळलं. किती दिवसांनी मी तिला तशी हसताना ऐकत होतो. मलाही जिन्यावर हसू आवरेना.

“जिन्यानं हसायचं बी न्हाई!”

त्यावर पुन्हा हसू. मग ते ओसरत गेलं. कुणीतरी ‘हाय रे देवा’ म्हणून श्वास सोडला. खालून टांगा गेला, त्याचे घुंगरू वाजले. वर शांत झालं. मी कान टवकारून बसलो की आता ‘रेडी’ म्हणतील, आता एक-दोन-तीन करतील.

“ऊठ पोरी,” आपा म्हणाली. “झालं.”

“काय झालं?” काकूचा आवाज चढला. “आवं, आमी श्वास तरी कुठं कोंडला?”

फोटो घ्यायला मी एकटाच गेलो. लढाईचे दिवस, विलायती माल येईनासा झालेला. मी जिन्यावर बसलो, तर पडद्याच्या फटीतून आधी फोटो नाही, एक छापील चिटोरा खाली आला. “मास्तर, बी.ए. हौ ना? हे वाचो. नेहमीची दवा मिळत न्हाई, ही दुसऱ्या कंपनीची आली. कागद सगळा अंग्रेजी. मियाँला येत न्हाई, मला येत न्हाई.”

फोटो धुवायच्या औषधाची ती माहिती होती. पाणी किती, ते किती कोमट चालतं, काच किती वेळ बुडवायची. मी जिन्यावरच मांडी घातली आणि स्वच्छ उर्दूत सगळं उतरवून दिलं. आपानं वाचलं, दोन ठिकाणी शंका विचारली, मी मूळ कागद पुन्हा बघून समजावलं. “वा,” ती म्हणाली, “तालीम अशी पायजे.” मला ते शाबासकीचे शब्द पदवीदानाच्या टाळ्यांपेक्षा गोड लागले.

मग माझी पाळी. मी विचारलं, “आपा, फोटो काढला कधी? मला तर ऐकूच आलं नाही.”

ती खुशीत होती, म्हणून सांगितलं. कॅमेऱ्याला लांब नळी असते आणि नळीच्या टोकाला रबरी फुगा. फुगा दाबला की फोटो निघतो. आपा तो फुगा ओढणीत लपवून धरायची. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात तोंड खुपसून आधीच सगळं नीट करून ठेवायची, आणि मग बाजूला उभी राहून गप्पा मारायची. बसणारीला वाटायचं, अजून सुरुवात व्हायची आहे.

“हसताना काढला?”

“न्हाई. हसताना तोंड दातांचं असतं. हसून झालं, की माणूस एक श्वास सोडतो. मग थोडा वेळ त्याला ध्यानच नसतं की कोणी बघतंय. तेवढ्यात दाबायचं. रडून झाल्यावर बी तसंच हाय. पण रडवायचं आपलं काम न्हाई.”

मी पुढं लातुरात किती माणसांचे फोटो काढले त्याचा हिशोब नाही. शाळेतली पोरं, हमाल, तेलघाण्याचे मालक, सोबत्यांच्या बायका. एक-दोन-तीन म्हणणं मी त्या दिवशी सोडलं. तीन ऐकलं की माणसाचं तोंड दार लावल्यासारखं मिटतं, हे एकदा कळलं की दिसायलाच लागतं. उसने दागिने उतरवायला सांगितले, उन्हातून माणसाला ओसरीत आणलं, हाताला काहीतरी काम दिलं. लोक म्हणतात मास्तरचा हात चांगला. हात माझा, पण त्यात आपाचं ओढणीतलं दाबणं आहे, हे मी प्रत्येकाला सांगतो.

आता तो फोटो. बहीण खिडकीकडं तोंड करून बसली आहे. गालांवरचे वण आहेत, नाकाच्या शेंड्यावरचा आहे, एकही गेलेला नाही. पण गाळलेल्या उजेडात ते ओरडत नाहीत. पावसानंतरच्या वाळूवर थेंबांच्या खुणा असाव्यात तसे आहेत. तुमची नजर वणांवर जातच नाही, कारण डोळे आधी धरतात. नुकतंच काहीतरी बोलून टाकून हलकी झालेली, आणि गरज पडली तर पुन्हा बोलणारी अशी ती दिसते.

बानं फोटो दारात उजेडाला नेऊन बघितला. “वण तर दिसून राहिलेत.”

“दिसनारच,” बहीण म्हणाली.

“लातूरवाले न्हाई म्हनतील.”

“म्हनू द्या. फोटोला म्हनू द्या. दारात येऊन म्हननार न्हाईत.”

बाच्या मनात पेन्सिल चालवलेला दुसरा फोटो धाडायचा होता, हे मला कळत होतं. बापाचं मन आहे. शेवटी त्यानं फोटो माझ्या हातात दिला. “ने. पर तू सोता दे. डाकेनं धाडू नको.” बहिणीनं तो माझ्याकडून घेतला, भिंतीकडं वळून एकदा बघितला आणि परत दिला.

लातुरात कंपाउंडरच्या घरी मी फोटो दिला. त्यानं आईच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाला, “वण चांगले भरलेत.”

“जखम बघाया दिली का तुला?” आई म्हणाली. तिनं फोटो गुडघ्यावर ठेवून बघितला. “मास्तर, लपवले न्हाईत.”

“न्हाई.”

“कुनी सांगितलं, लपवू नका म्हनून?”

“तिनंच.”

त्या बाईनं फोटो पदराला पुसला आणि आपल्या पिशवीत टाकला. “बघून तर येऊ,” ती म्हणाली. पिशवीत गेलेला फोटो हा होकार की नकार, ते मला कळलं नाही.

आम्ही निघालो. मुलगा, त्याची आई, त्याचे मामा आणि मी. नांदेडला मुक्काम केला आणि सकाळी उमरीची गाडी धरली. आई जनाना डब्यात बसली, आम्ही पुरुषांच्या. उमरीला उतरलो आणि बघतो तर काय! जनाना डब्यातून काकू उतरत होती, आणि तिच्या मागं बहीण! काकूचं माहेर नांदेड. बघायचा दिवस म्हणून ती बहिणीला बांगड्या भरायला तिकडं घेऊन गेली होती आणि त्याच गाडीनं परतत होती. मला काहीच ठाऊक नव्हतं. बहिणीच्या केसांच्या बटा सुटलेल्या, तोंड लाल, पदर कमरेला खोचलेला. स्पष्टच होतं की डब्यात काहीतरी झालं होतं. मी काकूला हातानं खुणावलं की मागच्या वाटेनं घेऊन जा, आणि पाहुण्यांपुढं आडवा उभा राहिलो. कंपाउंडरची आई पिशवी सांभाळत शेवटी उतरली. तिच्या तोंडावरची रेषा हलली नव्हती.

घरी ओसरीत घोंगड्या टाकल्या होत्या. पाहुणे बसले. बानं विचारपूस केली, पाऊसपाण्याचं झालं. मग बा म्हणाला, “पोरीला बोलवा.”

“बोलवा,” मुलाची आई म्हणाली. “पर बघायची बाकी न्हाई. मी बघितली तिला.”

“कुठं?”

“गाडीत. नांदेडापासून.”

तेवढ्यात बहीण पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि जागीच थांबली. “तुमी? त्या खिडकीच्या कोपऱ्यातल्या?”

“हाव. तीच.” मग ती बाला म्हणाली, “भांडते तुमची पोरगी.”

“न्हाई हो बाई,” बा घाईनं म्हणाला, “लई गरीब हाय.”

“गरीब कशाची! एक सावकारीण सगळ्या बाकावर वळकटी पसरून बसली व्हती. किनवटकडली एक लेकुरवाळी उभी, अन् ही उभी. ही म्हनली, जागा सरकारची हाय, तुमच्या बापाची न्हाई, सरका. ती हिला म्हनली,” इथं ती थांबली आणि सगळ्यांकडं बघितलं. “ती म्हनली, आधी आरशात तोंड बघ तुझं.”

दाराआड मायच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

“अन् ही काय म्हनली ठावं हाय? म्हनली, ‘बघितलंय. फोटो काढून बघितलंय. तुमी वळकटी उचला.’”

मामा हसायला लागले. कंपाउंडरनं मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते.

“तवा म्या पिशवीतून फोटो काढला,” ती बाई म्हणाली. “डोळे तर वळखीचे वाटत व्हते. काढला अन् हिच्या तोंडासंगं ताडून बघितला.”

मी बहिणीकडं बघितलं. तिची बोटं तांब्यावर घट्ट झाली होती. तिची भाकरी थापतानाची आण घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. बा अर्धा उठला.

“ताडून बघितला?” बहिणीनं विचारलं.

“हाव.”

“मंग?”

“मंग काय? तीच की.” बाईनं हात पुढं केला. “आन ते पानी. गाडीपासून घसा वाळलाय.”

ती पाणी प्यायली. पूर्ण तांब्या प्यायली. मग मामांनी सुपारी मागितली आणि बानं ती फोडली.

संध्याकाळी पाहुण्यांना गाडीत बसवून मी परत आलो. बहीण चुलीपाशी होती, एकटीच. मी पाटावर बसलो. तिनं माझ्यापुढं भाकरी ठेवली.

“भाऊ, त्या बाईनं डब्यात मला फोटोवरूनच वळखली?”

“हाव.”

“म्हंजे फोटोतली अन् मी सारख्याच दिसतो.”

“सारख्याच.”

तिनं एक लाकूड आत सारलं.

“फोटोतली मला आवडली व्हती,” ती म्हणाली.